वधूच्या हातची बैलगाडी

लाल गोल काढलेला तो फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी पुसदच्या भाजीबाजारात वांग्यांवरून भांडत होते. भाजीवाली चाळीस म्हणत होती, मी पंचवीस म्हणत होते, आणि तीसवर यायला आम्हाला अजून पाच मिनिटं लागणार हे दोघींनाही ठाऊक होतं. तेवढ्यात पर्समधला मोबाईल वाजला. आधी एकदा, मग लागोपाठ सहा-सात वेळा. एका जुन्या गिऱ्हाइकानं काहीतरी पाठवलं होतं आणि खाली लिहिलं होतं, "ताई, हे तुमच्याबद्दल आहे का?"

फोटो माझाच होता. मी काढलेला, माझ्या पेजवर टाकलेला. लग्नमंडपातलं टेबल, त्यावर मी मांडलेलं रुखवत, मधोमध माझी कापसाची बैलगाडी आणि मागे उभी केलेली पाटी. त्या पाटीभोवती कोणीतरी लाल गोल काढला होता. वर लिहिलं होतं, "ही चोरटी बाई ओळखून ठेवा. माझ्या बहिणीनं वर्षभर बसून हातानं केलेलं रुखवत. हिनं मंडपात येऊन फोटो काढले आणि स्वतःचं काम म्हणून स्वतःच्या पेजवर टाकले. विश्वास नसेल तर पाटी वाचा. पुसद-दिग्रसच्या लोकांनो, हिच्या दुकानाची पायरी चढण्याआधी विचार करा. शेअर करा."

पाटीवर लिहिलं होतं, "वधूने स्वहस्ते तयार केलेल्या वस्तू". खाली मुलीचं नाव. अक्षर माझं होतं.

मी चाळीस रुपये देऊन वांगी घेतली. भाजीवाली माझ्याकडे बघत राहिली. "बरं नाही का व ताई?" तिनं विचारलं. मी पिशवी उचलून निघाले. बाजारातून दुकानापर्यंतचा रस्ता मी वीस वर्षं चालते आहे, पण त्या दिवशी समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे एवढंच मला दिसत होतं.

माझा धंदा काय ते आधी सांगते. मी रुखवत करते. सुपारीची नवरा-नवरी, डाळींची रांगोळी, सजवलेली खोबऱ्याची वाटी, सप्तपदी, आणि ज्यांच्या लग्नात अक्षतांच्या जागी फुलं असतात त्यांच्यासाठी वेगळी मांडणी. बोरी अरबहून लग्न होऊन पुसदला आले तेव्हा नवरा दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये हाताखाली होता. अजूनही गॅरेजमध्येच आहे, पण आता हाताखाली नाही. शेजारच्या मुलीच्या लग्नात मी पहिली बैलगाडी केली. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांची गाडी, बांबूची चाकं, कापडाचे बैल आणि गाडीत आमच्याच भागातला खरा कापूस. बैलाच्या पोटात खाली सरकी, म्हणजे कापसाचं बी, आणि वर कापूस भरायचा, म्हणजे बैल जड बसतो. नुसता कापूस भरला तर पंख्याच्या वाऱ्यानंही उलटतो. हे मला कोणी शिकवलं नाही. चार बैल उलटल्यावर मी शिकले. ती गाडी पाहून दुसरी आई आली, मग तिसरी. मला कोणी भांडवल दिलं नाही, कोणी बोट धरलं नाही. बस स्टँडमागच्या गल्लीतलं दुकान मी घरमालकाशी तीन महिने घासाघीस करून मिळवलं.

पण या धंद्याची एक रीत आहे. रुखवतासमोर वराकडच्या बायका उभ्या राहतात आणि विचारतात, "सारं सुनबाईनंच केलं का?" वधूची आई म्हणते, "हाव ना, तिले लहानपणापासूनच आवड." हे खोटं आहे हे निम्म्या मंडपाला माहीत असतं, कारण निम्म्या मंडपानं आपापल्या मुलीच्या वेळी तेच केलेलं असतं. तरी कोणी बोलत नाही. पाटीसुद्धा मीच लिहून देते, सेटमध्येच धरलेली असते. माझं कौतुक आया एकमेकींच्या कानात करतात, मोठ्यानं नाही. मी दिसायचं नाही, यावरच माझं पोट.

मग दोन वर्षांपूर्वी मी पेज काढलं. सगळेच काढत होते. तेव्हा मी स्वतःपुरता एक नियम केला. फोटो दुकानातच काढायचे, पाटी लावायच्या आधी. तो नियम मी एकदाच मोडला, आणि का मोडला तेही सांगते, कारण माझं दुखणं तिथंच आहे.

पाटीवर नाव असलेल्या त्या मुलीची आई दुकानात आली तेव्हा तुळशीचं लग्न व्हायचं होतं. ऑफिसातल्या नोकरीचं घर, चांगल्या साडीतली बाई. सगळं निवडून झाल्यावर म्हणाली, "ताई, भाव जरा जास्तच सांगून राह्यल्या तुमी."

"काकू, याच्यात कमी कराले जागाच नाही. एकेका बैलाले अर्धा दिवस लागते."

"बैल कापडाचेच हायत ना? खरे मागतले का मी?"

मला हसू आलं आणि तिथंच मी हरले. गिऱ्हाइकावर हसलं की भाव खाली येतो. तासभर घासाघीस झाली. शेवटी ती म्हणाली, "असं करा, तुमी फोटो टाका आमच्या रुखवताचे. आमच्या पाहुण्यांत मोठमोठी घरं हायत. तुमची फुकटात जाहिरात होईल." मी त्यावर चांगलाच भाव सोडला. एवढा मी कधीच सोडत नाही. संध्याकाळी तिचा मेसेजही आला, "फोटो काढा टाका काही हरकत नाही पण सांगितलं तेवढ्यातच करा". तो मेसेज अजून माझ्याकडे आहे.

म्हणजे ते फोटो मी विकत घेतले होते. म्हणून मला ते चांगले हवे होते. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नको, मंडपात हवे होते, मागे झेंडूच्या माळा, वरून उजेड. टेबल मांडलं, पाटी उभी केली आणि पाटीसकट फोटो काढले. दुपारी चारला टाकले. लग्न सहाचं होतं. मी घरी येऊन चहा ठेवला आणि किती जणांनी पाहिलं ते मोजत बसले.

मंडपात काय झालं ते मला नंतर कळलं. नवऱ्या मुलाची आत्या खुर्चीवर बसून मोबाईल पाहत होती. मी टाकलेला फोटो तिच्यासमोर आला. ती उठून रुखवताच्या टेबलाशी गेली, फोटो आणि टेबल पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "हे तं दुकानातलं हाय!" सोयरीक ठरताना मुलीच्या आईनं मुलीच्या हातच्या कलेचं इतकं कौतुक केलं होतं की मुलीची सासू दिग्रसभर सांगत फिरली होती. आता सगळ्या बायका मुलीच्या आईकडे पाहू लागल्या. घाबरलेल्या माणसाला जवळ जे सापडतं ते तो उचलतो. तिनं मला उचललं. "चोरलं तिनं! आमच्या पोरीचं काम हाय. फोटो काढाले आली, अन् आपल्या नावावर टाकलं." मुलीचा भाऊ शेजारीच उभा होता. त्याला खरं माहीत नव्हतं. घरात फक्त आई आणि मुलगी जाणत होत्या. त्यानं आईवर विश्वास ठेवला आणि दोन दिवसांनी लाल गोल काढला.

त्या आठवड्यात मी भीती नीट पाहिली. त्याआधी मला वाटायचं की मी कोणाला भीत नाही. घरमालकाला, वीजवाल्याला, दुकानात वर्गणी मागायला येणाऱ्या नगरसेवकाच्या माणसालाही मी तोंडावर बोलले आहे. पण ज्याला तोंडच नाही त्याच्याशी भांडायचं कसं?

"अशा बायांना पोलिसात द्या." "हिची सारीच कामं चोरीची असतील." "एका लेकीची मेहनत खाल्ली हिनं." लिहिणारा कोणी मुंबईचा, कोणी नागपूरचा. पुसद नकाशावर कुठं आहे ते माहीत नसलेली माणसं माझ्या दुकानाची पायरी चढू नका म्हणत होती. एकानं लिहिलं, "थोबाड दाखवा हिचं." तासाभरात कोणीतरी माझ्याच एका जुन्या फोटोतून माझा चेहरा कापून तिथं लावला. पुतणीच्या वाढदिवसाचा फोटो. माझ्या तोंडाशी धरलेल्या हातात केकचा तुकडा होता. तोही कापला होता, पण बोटांना लागलेलं क्रीम दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. माणसाचा आवाज, अगदी सभ्य. "दुकान किती वाजता बंद करता?"

"कोण बोलून राह्यलं?"

"नाही, सहज विचारलं." फोन बंद.

एवढंच. शिवी नाही, धमकी नाही. पण त्या दिवसापासून मी दुकान उजेडातच बंद करू लागले. समोरच्या पानटपरीवर एक जण उभा राहून माझ्या दुकानाच्या पाटीचं शूटिंग करताना दिसला. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि आत बसून राहिले. गिऱ्हाइकाला वाकून आत यावं लागलं असतं, पण गिऱ्हाईक आलंच नाही. मोबाईल मी तुरीच्या डाळीच्या डब्यात टाकून झाकण लावलं, आणि तो डबा घरी-दुकानात सोबत नेऊ लागले. मोबाईल डाळीतून गुरगुरायचा. दहा मिनिटं गुरगुर थांबली की मीच झाकण उघडायचे.

पुढच्या मुहूर्ताची तीन कामं गेली. एकीनं तब्येतीचं कारण दिलं, एकीनं लग्नच पुढं गेल्याचं. तिसरीनं खरं सांगितलं, "ताई, तुमच्याकडून घेतलं हे कोणाले कळलं तं आमचंही नाव त्यात येईल." तिचा राग आला नाही. तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

बैल शिवायला माझ्याकडे एक मावशी येतात, साठीच्या, नऊ वर्षांपासून. त्यांच्या नातवानं त्यांना ते सगळं वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी येऊन त्या दारातच उभ्या राहिल्या.

"बाई, पोलीस येतीन का?"

"कायले येतीन? आपण काय चोरलं?"

"मले काय माहीत. त्यात माहं नाव तं नाही ना?"

"नाही मावशी."

"मग मी जरा चार दिवस घरीच राह्यते." शिवायला घेतलेला बैल त्यांनी टेबलावर ठेवला, तसाच, पोट उघडं. मला रडू आलं नाही, राग आला, आणि मी ओरडले, "जा! समद्या जा!" त्या गेल्या.

नवरा म्हणाला, "पेज काढून टाक."

"काढलं तं लोक म्हणतीन, चोर होती म्हणून पळाली."

"मग ठेव."

"ठेवलं तं रोज मरते मी."

"मग मरू नको, जेवून घे," तो म्हणाला आणि त्यानंच ताट वाढलं. पोळीचा पहिला घास हातात असतानाच डब्यातला मोबाईल पुन्हा गुरगुरला. मी घास ठेवून उठले.

मुलीच्या आईला मी चार वेळा फोन केला तेव्हा एकदा तिनं उचलला.

"तुमीच म्हटलं होतं ना, फोटो टाका?"

"म्हटलं असन. पाटीसकट टाका, असं कधी म्हटलं?"

तेवढं तिचं बरोबर होतं आणि म्हणूनच माझा जास्त जळफळाट झाला. "मग तुमच्या पोराले खरं सांगा. त्याले म्हणा, काढ ते."

"त्याले सांगतलं तं तो बापाले सांगन. बाप चिडला का दिग्रसपर्यंत आवाज जाते. पोरगी आत्ताच गेली हाय त्या घरी. तुमी चार दिवस चूप राहा. लोक विसरतात."

"लोक विसरतीन तोवर माहं दुकान विसरतीन!"

"ताई, तुमचं दुकान हाय," ती म्हणाली, "तिचं घर हाय." आणि फोन ठेवला.

त्या बाईबद्दल माझ्या मनात जे आहे ते अजून तसंच आहे. दुकान म्हणजे माझं घर नाही का? मी उत्तर लिहायला बसले. तिचे सगळे मेसेज काढले, भाव ठरल्याचा, फोटो टाका म्हटल्याचा, पाटीवर काय लिहायचं त्याचा. चाकं चिकटवतानाचा माझा व्हिडिओही होता, त्यात टेबलावर तिच्याच मुलीच्या नावाची कच्ची पाटी दिसत होती. सगळं एकाखाली एक लावलं. माझ्यासारखा पुरावा कोर्टातही कोणी देत नसेल. वर फक्त एकच ओळ लिहिली, "आता सांगा चोर कोण." बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं.

आणि माझं बोट हललं नाही.

दया आली म्हणून नाही. दया नंतर आली. आधी हिशेब आला. मी हे मेसेज लोकांपुढं टाकले की पुसद, उमरखेड, दिग्रस, दारव्हा, जिथं जिथं माझ्या बैलगाड्या गेल्या तिथली प्रत्येक आई आपला मोबाईल उघडून पाहणार की आपण या बाईला काय काय लिहिलं होतं. आज तिचं टाकलं, उद्या आपलं टाकेल. मग माझ्या कानात येऊन कोण बोलणार? गप्प राहिले तर मी चोर, बोलले तर फितूर. चोराकडून एखादी गुपचूप घेईलही. फितुराकडून कोणी घेणार नाही. मी मोबाईल परत डाळीत टाकला. डाळ ओट्यावर सांडली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास, अर्ध्या शटरखालून दोन जोडी पाय दिसले. एकीच्या चपला जुन्या, रुंद. दुसरीच्या नव्या, पायांत जोडवी. मी शटर वर केलं. दारात एक उंच, जाडसर बाई उभी होती आणि तिच्या मागे माझ्या रुखवतातली ती नवरी. हिरवा चुडा, हातावरची मेंदी तपकिरी होत आलेली. टपरीवरची दोन-तीन माणसं सरकून पुढं आली. एकाच्या हातात मोबाईल होता.

"त्या पेजवाल्या तुमीच का?" ती बाई म्हणाली.

"हाव."

"मी दिग्रसहून आली. मले पाह्यची होती, कोण बाई हाय ते. हे माही सून."

"ओळखते मी तिले," मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. मुलगी दोनदा दुकानात आली होती, रंग निवडायला. पण फोटो चोरणाऱ्या बाईला नवरी कशी ओळखीची असेल? मुलीचा चेहरा एकदम उतरला. सासूनं एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. ती दिग्रसला कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसते हे मला नंतर कळलं, पण ते डोळे मी तिथंच ओळखले. माल हातात न घेता माल ओळखणारे.

"कशी काय ओळखता?" तिनं विचारलं.

रस्त्यावरचा तो मोबाईल आता सरळ माझ्यावर धरलेला होता. मी काय बोलते ते अर्ध्या तासात सगळ्या ग्रुपांवर जाणार होतं. पुरावा डाळीच्या डब्यात होता, हात लांबवला असता तर मिळाला असता. मुलीनं पदराचं टोक मुठीत आवळलं होतं, आणि मूठ अशी की बोटं पांढरी पडली होती. गेल्या आठवड्यात डबा उघडताना माझी बोटं अशीच दिसत होती.

"माह्याकडे शिकाले येत होती," मी म्हणाले.

"शिकाले?"

"हाव. गाडी तिनं इथंच बसून केली. शिकणारीचं काम म्हणून फोटो टाकला मी. विचारून टाकाले पाह्यजे होता, तेवढं माहं चुकलं."

बोलून गेल्यावर कळलं की मी काय देऊन बसले. माझी गाडी. चार चौघांसमोर, मोबाईलसमोर, फुकट.

"मग हिच्या मायनं तसं काहून नाही सांगतलं?" सासूनं विचारलं.

मी पुढचं खोटं शोधत होते, तेवढ्यात मुलगीच बोलली, "आईला वाटलं, शिकवणी लावून केलं म्हटलं तर कमीपणा येईल." आवाज बारीक होता, पण वाक्य नीट होतं. पोरगी वाटली तेवढी भोळी नव्हती.

सासू आत आली. टेबलावर मावशींनी पोट उघडं ठेवलेला तो बैल होता. शेजारी दोन डबे, एकात सरकी, एकात कापूस. तिनं बैल उचलून सुनेच्या हातात दिला. "भर बरं. मले पाहू दे."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं नाही, ते बरं केलं. तिनं बैल धरला, दोन्ही डब्यांवर नजर फिरवली आणि कोणाचाही जाईल तसा तिचा हात कापसाकडे गेला.

"थांब व!" मी ओरडले. "किती वेळा सांगतलं तुले, आधी सरकी! लग्न झालं का सारं विसरली? कापूस भरशीन तं बैल उभा राहीन का?" भीतीनं माझा आवाज इतका चढला की टपरीवरची माणसं मागे सरली. मुलीनं निमूटपणे सरकीची मूठ भरली. अर्धी खाली सांडली.

सासू खाली सांडलेल्या सरकीकडे पाहत होती. मग म्हणाली, "चांगल्या शिकवता. शिव्या देऊन."

"त्याशिवाय येत नाही."

"माह्या पोरीचं लग्न वैशाखात हाय. तिचं रुखवत ही करीन. इथं बसून." मग जरा थांबून, "शिकवणीचे पैसे मी नाही देणार. तुमची जुनीच शिष्या हाय ना."

आयुष्यात मला भावात हरवणाऱ्या दोन बाया भेटल्या आणि दोघी एकमेकींच्या विहिणी निघाल्या. मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? बाहेर पडताना ती त्या मोबाईलवाल्याला म्हणाली, "झालं का काढून? जा आता." आणि मला म्हणाली, "तुमच्यावर लिहिलेलं ते आज निघन. मी पाहते. बोललं ते निभवा मात्र."

तिला कळलं होतं का? मला वाटतं, हात कापसाकडे गेला तेव्हाच कळलं. सुनेला चार लोकांत उघडं पाडण्यापेक्षा तिला खरंच शिकवून घेणं तिला परवडलं असावं. किंवा मीच जास्त शहाणपणा लावते आहे. मी तिला कधी विचारलं नाही. विचारायची हिंमत नाही.

संध्याकाळी मुलीच्या भावानं ते काढलं. त्याच्या जागी दोन ओळी आल्या, "गैरसमज झाला होता. त्या माझ्या बहिणीच्या शिक्षिका आहेत." माफी नाही. चोर म्हणणाऱ्या हजारभर लोकांपैकी त्या दोन ओळी वाचायला पन्नासही आले नाहीत. लाल गोलाचा फोटो अजून फिरतो. परवाच राजूरकडच्या कुठल्याशा ग्रुपमधून कोणीतरी पाठवला, "ही तुम्हीच का?" मी मोबाईल उलटा ठेवला, आणि त्या दिवशी पुन्हा उजेडातच दुकान बंद केलं. मुलीच्या आईचा फोन आला नाही. फोटोंच्या बोलीवर मी सोडलेले पैसे मात्र तिच्याकडेच राहिले.

मावशी पाच दिवसांनी आल्या, बसल्या आणि सुईत दोरा ओवायला लागल्या. मी सरकीचा डबा त्यांच्याकडे सरकवला.

मुलगी मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारच्या बसनं येते. गरम गोंदानं तिची तीन बोटं भाजली. तिची पहिली तीन चाकं अशी झाली की गाडी लंगडी वाटायची. चौथं गोल झालं. मी ओरडते, ती ऐकते, कधी उलटही बोलते. एकदा मी म्हणाले, "तुह्यामुळे माही गाडी गेली." ती म्हणाली, "मी मागितली नव्हती, ताई." खरंच तर होतं. तिनं काहीच मागितलं नव्हतं. मी दोन तास तिच्याकडे पाठ करून चाकं कापत बसले.

गेल्या महिन्यात एक बाई दुकानात आली. मुलीचं लग्न आहे, बैलगाडीच हवी. मी तयार असलेली काढून दाखवली, मी केलेली. तिनं उलटसुलट करून पाहिली. "छान आहे," ती म्हणाली. "पण मला तुमच्या त्या शिष्येच्या हातची हवी. दिग्रसला गेली ना लग्न होऊन, तिच्या. तुमच्या हातची नको."

समोर माझीच गाडी होती. माझीच चाकं, माझेच बैल. ती गाजलेली गाडीही माझ्याच हातची होती, असं मी म्हणू शकले असते. कोणापुढं म्हणणार, आणि मग ती बाहेर जाऊन काय लिहील?

"मिळेल," मी म्हणाले. "आठ दिवस लागतील. तिच्या हातची जरा महाग पडते."

"चालेल," ती म्हणाली आणि गेली. मी लगेच पेज उघडलं. बाई अजून गल्लीच्या टोकालाही पोहोचली नसेल, एवढ्यात ती काय लिहिणार? तरी मी वरपासून खालपर्यंत सगळं पाहिलं.